अल्सर म्हणायचं ठरलं होतं

अप्पा, आज आमच्या रेडिएशनच्या मशीनच्या टेबलावरून उतरताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "झालं? एवढंच?" आणि मला तुमचा असा काही राग आला की त्यांच्या चपला मी पायानंच पुढं सरकवल्या. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. तुम्हाला झाला होता तोच रोग त्यांना झालाय, अन्ननलिकेचा कॅन्सर, जवळपास त्याच जागी, छातीच्या मधोमध. पण तुम्ही त्या टेबलावरून उतरायचात तेव्हा मामाच्या खांद्यावर हात टाकून, तोंडाला रुमाल दाबून उतरायचात, कारण तुम्हाला थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. हे गृहस्थ उतरले, शर्टाची बटणं लावली, आणि बाहेर जाऊन बायकोला म्हणाले, चल, रिक्षा बघू. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली. इतक्या वर्षांनी मेलेल्या माणसावर चिडायचं म्हणजे वेडेपणा, हे मला कळतं. पण आला आहे खरा, आणि तुमचाच आलाय, तेव्हा तो तुम्हीच ऐकून घ्या.

तुम्ही गेलात तेव्हा मी पीयूसीला, म्हणजे बारावीला, होते आणि पुढं काय करायचं ते ठरलं नव्हतं. मग ज्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तुमची वाट बघितली, त्याच खोलीतलं काम मी धरलं. पेशंटला टेबलावर झोपवायचं, त्याच्या छातीवरच्या शाईच्या खुणा आणि भिंतीतून येणाऱ्या लाल रेघा जुळवायच्या, बाहेर येऊन ते भलंमोठं जाड दार लावायचं आणि माईकवरून सांगायचं, अल्लाडबेडी, हिलना मत, हलू नका. तीन भाषांत लोकांना हलू नका म्हणायचा मला पगार मिळतो. दहावी झाल्यावर तुम्ही कामाच्या शेडमधून आणून दिलेली सहा इंची स्टीलची पट्टी अजून माझ्या कोटाच्या खिशात असते. आता मोजायचं ते सगळं कॉम्प्युटर मोजतो. पट्टीचा उपयोग पाठ खाजवायलासुद्धा होत नाही, लहान पडते. तरी असते.

रागाची सुरुवात करायची तर चहापासून करावी लागेल. बेंगळुरात पीन्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या तुमच्या त्या शेडमध्ये चहाची सुट्टी म्हणजे सुट्टीची थट्टा होती. किटली यायची, पेले भरायचे, आणि पेला तोंडाला लागतो न लागतो तोच भोंगा व्हायचा. मालकाला चार शब्द सुनवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तुम्ही सगळ्यांनी त्यातच मर्दुमकी शोधलीत: कढत चहा एका दमात कोण संपवतो. तुम्ही टर्नर म्हणून चांगले होतात की नाही ते मला ठाऊक नाही, पण चहात तुमचा पहिला नंबर होता, कारण ते तुम्ही घरी येऊन आम्हाला सांगायचात. पुढं ती सवयच जडली. रविवारी घरात कुठलाही भोंगा नसताना, आईनं गाळलेला चहा वाफ जायच्या आत तुम्ही घशाखाली लोटत होतात. एकदा मी चहा बशीत ओतून फुंकर घालत बसले होते, तर तुम्ही खेकसलात, "फुंकत बसणाऱ्याचा चहाबी जातो आणि भोंगाबी. कढत पी की, मेणाची हाईस काय?" मी प्यायले, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं आणि तुम्ही खूश होऊन हसलात. रोज इतकं कढत पिणं अन्ननलिकेला बाधतं हे मी आता कुणा ना कुणाला रोज सांगत असते. तंबाखू तर होतीच तुमची, ती निपाणीहून तुमच्याच पिशवीतून बेंगळुरात आली होती. तुम्ही गेल्यावर नातेवाइकांनी सगळं खापर तिच्यावर फोडलं, तुम्हालाच दोषी ठरवलं आणि तेराव्याचं जेवून गेले. भोंग्याचं नाव कुणी काढलं नाही.

पहिल्यांदा घास अडकला तेव्हा तुम्ही आईला बोललात. "आज भाकरी कडक झाल्यात." दुसऱ्या दिवशी तिनं पीठ जास्त मळलं, पातळ भाकरी थापली, तव्यावरनं काढली ती थेट तुमच्या ताटात. तीही कडक. मग तिनं यशवंतपूरच्या बाजारातून वेगळी ज्वारी आणली, दळण दुसऱ्या गिरणीत टाकलं, स्वतःच्या हातांना नावं ठेवली. जिच्या भाकरीसाठी गल्लीतल्या कन्नड बायका पीठ घेऊन शिकायला यायच्या, ती बाई चुलीपुढं बसून डोळे पुसायची आणि तुम्ही भाकरी आमटीत बुडवून, नंतर नुसत्या पाण्यात कुस्करून, भिंतीकडं तोंड करून खायचात. भाकरीत काही वाईट नाही, घशात आहे, हे चार शब्द तुमच्या तोंडून कितीतरी महिने निघाले नाहीत. ते तुम्ही शेवटपर्यंत बोललाच नाहीत. एक दिवस पाणी नाकातून परत आलं आणि आम्हाला कळलं.

मग मामा आला. बेळगावात सरकारी कचेरीत असलेला, इंग्रजी येणारा, आमच्या घरातला एकमेव माणूस. यशवंतपूर स्टेशनवर उतरला तो थेट कारभारी होऊनच उतरला. डॉक्टर जे काही बोलले ते त्याच्याशी बोलले, तुम्ही शेजारच्या खुर्चीवर हातात थैली धरून बसला होतात. बाहेर आल्यावर पाण्याच्या टाकीपाशी त्यानं आईला आणि मला बाजूला घेतलं. "अल्सर म्हणायचं," तो म्हणाला. "दुसरा शब्द घरात काढायचा न्हाई. माणूस रोगानं मरत न्हाई, भीतीनं मरतोय." आईनं मान हलवली. मला कुणी विचारलं नाही, पण मीही ठरावात धरली गेले. आणि हे सगळं जिथं ठरत होतं त्या इमारतीवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत, कन्नडमध्ये, इंग्रजीत आणि हिंदीत, कॅन्सर हॉस्पिटल असं लिहिलेलं होतं! तुम्हाला बसवरच्या कन्नड पाट्या माझ्या आधी वाचता यायच्या. तुम्ही पाटीकडं बघितलंत तेव्हा मामा घाईनं म्हणाला, "हितलं मशीन लई भारी हाय. म्हणून अल्सरवाल्यांनाबी हितंच आणत्यात." तुम्ही म्हणालात, "बरं." त्या हॉलमध्ये पुढं आपण कितीतरी सकाळी बसलो. समोरच्या अज्जांना आतड्याला सूज होती, कोपऱ्यातल्या बाईंना उष्णता झाली होती, चामराजनगरच्या एका माणसाला नुसतीच गाठ होती. कॅन्सर त्या हॉलमध्ये कुणालाच नव्हता.

ठरलं होतं ते असं की आधी रेडिएशन आणि सलाईनमधून औषधं, मग गाठ लहान झाली की ऑपरेशन. रेडिएशन रविवार सोडून रोज, आठवड्यामागून आठवडे. त्या काळात तसंच देत, आणि खरं सांगायचं तर आजही पुष्कळांना तसंच देतात, त्यानं माणसं वाचतातही. पण तुमची अन्ननलिका आतून पार भाजून निघाली. तुम्ही पाण्याच्या घोटाआधी डोळे मिटून घ्यायचात, उडी मारण्याआधी पोरं मिटतात तसे. नाकातून नळी घातली तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि मी खिडकीकडं बघितलं. शेडच्या मालकानं त्याच आठवड्यात माणसाबरोबर काय पाठवलं, आठवतं? पिशवीभर मोसंबी. भाजलेल्या घशाला मोसंबी! आईनं ती गल्लीत वाटून टाकली, आणि वाटताना प्रत्येकीला सांगितलं, अल्सर आहे, मोसंबी चालत नाहीत.

रेडिएशन संपलं, तुम्ही थोडे सावरलात, पेज उतरायला लागली. डॉक्टरांनी ऑपरेशनची गोष्ट काढली. त्या दिवशीचं आपलं स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. आई चुलीपाशी बसली आहे, मामा दाराला टेकून उभा आहे, मी पाण्याच्या पिंपाशेजारी. तुम्ही पाटावर मांडी घालून बसला आहात, पाठ ताठ, शर्ट दोन माणसांचा वाटावा इतका ढगळ. मामा सांगतोय की छाती उघडून खराब झालेली नळी काढतील आणि पोटच वर ओढून तिथं जोडतील, पुष्कळांचं करतात, घाबरायचं कारण नाही. तुम्ही सगळं ऐकून घेता. मग म्हणता, "अल्सरसाठी छाती फाडून घेत न्हाई मी. आमच्या शेडमधल्या फिटरला अल्सर हुता, गोळ्यांनी गेला."

मामा दाराची कडी चाळवायला लागला. आईनं उगाच चिमट्यानं निखारा हलवला. तुम्ही एकेकाकडं बघत गेलात, आधी मामा, मग आई, मग मी.

"बोला की, पाव्हणं. अल्सरच हाय न्हवं?"

"हां," मामा म्हणाला. "अल्सरच."

"मग झालं," तुम्ही म्हणालात, आणि पाटावरून उठून गेलात.

पुढच्या सोमवारी तुम्ही डबा नसतानाही डब्याची पिशवी घेऊन कामाला गेलात. काही महिन्यांनी गाठ परत वाढली, यकृतात गेली, आणि मग ऑपरेशनचं कुणी बोललं नाही.

अप्पा, मला एवढंच सांगा, तुम्हाला माहीत होतं का? वीस वर्षं मी या प्रश्नाभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरते आहे. माहीत नसेल, तर आम्ही तिघांनी मिळून तुम्हाला बुडवलं. वाचायची एक वाट होती आणि ती आम्ही आमच्याच शब्दानं बंद केली, कारण अल्सरसाठी कुणी शहाणा माणूस छाती उघडून घेणार नाही. आणि माहीत असेल, तर तुम्ही आमचाच शब्द आमच्यावर उलटवलात. ऑपरेशनची भीती वाटली असेल, कंटाळला असाल, घर कर्जात जाईल असं वाटलं असेल, काहीही असेल. पण ते सांगायच्या ऐवजी तुम्ही अल्सर पुढं केलात, कारण तुम्हाला ठाऊक होतं की तो खोडायला आमच्यातलं कुणी धजावणार नाही. दोन्हींतलं कुठलंही खरं असलं तरी मला राग येतो. मामाला शिव्या घालायला तोही आता राहिला नाही.

आता या गृहस्थांचं सांगते, मी त्यांना काका म्हणते. फलटणकडचे आहेत, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या वाटून देण्यात आयुष्य गेलं. मुलगा इथं एचएसआर लेआउटमध्ये राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. घास अडकायला लागला तसा त्यानं आईवडिलांना इथं आणलं. आमच्या डॉक्टर मॅडमकडं सध्या एक नवी पद्धत तपासून बघणं चाललंय: ऑपरेशनच्या आधी रेडिएशन द्यायचं, पण अगदी कमी डोसचं, मोजक्याच वेळा, आणि त्याच्या जोडीला इम्युनोथेरपीचं इंजेक्शन. मुलाला हे हवं होतं. त्यानं इंटरनेटवर माझ्यापेक्षा जास्त वाचलं होतं. पण अशा तपासणीत घ्यायचं तर पेशंटला सगळं नीट सांगावं लागतं आणि त्यानं स्वतः हो म्हणावं लागतं, मुलाचं हो चालत नाही. मॅडमना कन्नड आणि इंग्रजी येतं. काकांची हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटाला बांधलेलं 'है'. म्हणून मॅडमनी मला निरोप पाठवला, "अक्का, स्वल्प बन्नी, जरा या, मराठी पेशंट आहे."

मी मशीन सोडून गेले तर मुलानं मला दाराबाहेरच गाठलं. चांगला मुलगा आहे, अप्पा, हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटणार नाही. डोळे सुजलेले होते.

"मॅम, एक रिक्वेस्ट आहे. तुम्ही ट्रान्सलेट करणार ना? बाबांसमोर कॅन्सर हा वर्ड नको, प्लीज. सूज आहे आणि ती उतरवायला थेरपी आहे, एवढंच सांगा. बाकीचं मी हँडल करतो."

"डॉक्टर बोलतील तेच मला सांगावं लागेल," मी म्हटलं.

"पण डॉक्टरांना मराठी कुठे कळतंय?"

त्याच्या हे लक्षातही आलं नाही की तो काय बोलला. त्या बंद खोलीत त्याच्या वडिलांपर्यंत खरं पोचायची एकच वाट होती, मी, आणि ती तो माझ्याकडूनच बंद करून मागत होता. पाण्याच्या टाकीपाशी उभा असलेला मामा मला दिसला. मी नाही म्हटलं. मग तो चिडला. "तुम्हाला रोजचं आहे हे. बाबा कोलॅप्स होतील. तुमच्या वडिलांना झालं असतं ना, मग समजलं असतं तुम्हाला!"

माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते इथं लिहीत नाही, तुम्ही म्हणाल पोरीला वळण लावलं नाही. मी खिशातली तुमची पट्टी मुठीत घट्ट धरली आणि म्हटलं, "चला, मॅडम वाट बघतायत."

आत काका इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अवरिगे एल्ला गोत्तागबेकु." त्यांना सगळं कळलं पाहिजे. मग त्या इंग्रजीत एकेक वाक्य बोलत गेल्या आणि मी मराठीत सांगत गेले. दुर्बिणीनं आत बघितलं, तुकडा काढला, तपासला. आणि ते वाक्य आलं. मुलगा माझ्याकडं टक लावून बघत होता. मी म्हटलं, "काका, ही गाठ कॅन्सरची आहे."

बाहेर कुणाचा तरी टोकन नंबर पुकारला गेला. काकांनी मान वळवून मुलाकडं बघितलं. मला वाटलं, आता कोसळतील. कोसळले नाहीत, भडकले. "कधीपासून ठाऊक आहे तुला?" मुलगा हातातली फाईल चाळायला लागला. "अरे, माझं नरडं, आणि मलाच शेवटी कळतंय होय? भर उन्हाळ्यात कालव्याच्या बंद पाटावर उभं राहून गावंच्या गावं अंगावर घेतली मी. शिव्या खाल्ल्या, दगड खाल्ले. मला एक शब्द सोसायचा नाही असं वाटलं तुला?" मग माझ्याकडं वळून, "हिला बोलवा आत. बाहेर बसलीय ती. हिलाही सांगा." काकूंना आत घेतलं. मी परत तेच वाक्य म्हटलं, आणि दुसऱ्या खेपेला ते सोपं गेलं नाही. काकूंनी पदर तोंडाशी नेला. मग विचारलं, "ऑपरेशननंतर भाकरी खाता येईल का यांना?" मॅडम म्हणाल्या, थोडी थोडी, चावून चावून, दिवसातून पुष्कळदा, पण येईल. मी ते नाक पुसत सांगितलं. मॅडमना वाटलं, मला सर्दी झालीय.

यानंतर मॅडमनी नवी पद्धत समजावली आणि काकांनी मला मध्येच थांबवलं. "कमी डोस? कमी का? म्हातारा म्हणून वरवर उरकताय काय मला? द्यायचं तर पुरतं द्या." मला हसू आवरेना. मी मॅडमना सांगितलं, त्याही हसल्या, आणि मग दोघींनी मिळून त्यांना सांगितलं. आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. ही गाठ त्यांना आपली ओळख लागू देत नाही, आणि जवळ आल्या तर त्यांना गप्प बसवते. इंजेक्शन त्यांच्यावरचा तो दाब काढतं. मोठ्या डोसचं रेडिएशन गाठीला जाळतं, पण तिच्यात शिरलेल्या या लढणाऱ्या पेशीही त्यात जळतात. कमी डोस गाठीला जाळायला नाही, नुसता डिवचायला द्यायचा, म्हणजे त्या पेशी तिच्याकडं धावत येतील. गाठ अशी थोडी खिळखिळी झाली की मग ऑपरेशन. हे अजून पक्कं ठरलेलं नाही, तपासणं चालू आहे. उपयोग होईलच असं नाही. कधी त्या पेशी चेकाळून आपल्याच फुफ्फुसावर, आतड्यावर उलटतात, तेव्हा इंजेक्शन थांबवून औषधं द्यावी लागतात. काकांनी सगळं ऐकलं. "म्हणजे गाळानं भरलेल्या पाटात आधी थोडंच पाणी सोडायचं," ते म्हणाले. "एकदम सोडलं तर पाटच फुटतो." तंतोतंत तसं नव्हतं, पण मी म्हटलं, चालेल. मग त्यांनी विचारलं, "आणि मी नको म्हटलं तर?" तर नेहमीची पद्धत आहेच, कुणी रागावणार नाही, मॅडम म्हणाल्या. काका म्हणाले, "दोन दिवस द्या. मी आणि ही, आम्ही ठरवतो." मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

बाहेर येऊन मुलगा बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. नाही वाटलं. काका त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "ऊठ. चहा पाज मला. कोमट दे म्हणावं." दोन दिवसांनी ते स्वतः आले आणि हो म्हणाले.

आणि आज त्यांचं ते थोडंसं रेडिएशन संपलं. इंजेक्शनाची एक खेप झाली, एक व्हायची आहे, मग ऑपरेशन. घसा भाजला नाही. नळी घातली नाही. काल ते मऊ भात खाऊन आले होते. पुढं काय होईल ते कुणालाच ठाऊक नाही, मॅडमनाही. ऑपरेशन मोठंच आहे, रोग वाईटच आहे, आणि मी या खात्यात इतकी वर्षं काढलीत की उगाच आशा लावायची चूक मी करणार नाही. पण ते टेबलावरून उतरले आणि "एवढंच?" म्हणाले, आणि मी "एवढंच, काका" म्हणून दार उघडलं, आणि मग मशीन बंद करायच्या निमित्तानं आत जाऊन त्या रिकाम्या टेबलाशी उभी राहिले. तुम्हीही असेच म्हणाला असतात का, हा विचार आधी आला. तुमच्या वेळी हे का नव्हतं, हा त्याच्यामागून आला. आणि मग जे लक्षात आलं त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अप्पा, तुमच्या वेळी हे असतं, त्याच हॉस्पिटलात असतं, दाराशी उभं असतं, तरी तुम्हाला मिळालं नसतं. डॉक्टर म्हणाले असते, त्यांना सगळं सांगा, त्यांना हो म्हणू द्या. आणि मामा म्हणाला असता, नको, भीतीनं मरतील. आम्ही तुम्हाला घेऊन घरी आलो असतो. कुठलंही औषध निघू दे, कितीही कमी डोस निघू दे, ते घ्यायला माणूस लागतो, आणि आमच्या घरात टाकीपाशी ठरलं त्या दिवसापासून तुम्ही माणूस नव्हतात, आम्ही जपून ठेवलेली वस्तू होतात. कुणी तुम्हाला काही विचारलं नाही. तुम्हीही, कढत चहा न फुंकता पिणारे तुम्ही, उलटून काही विचारलं नाहीत. विचारलंत ते एकदाच, स्वयंपाकघरात, पाटावर बसून, आणि आम्ही खोटं बोललो.

हे मी एचएसआरच्या त्या मुलाला सांगणार होते, सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे, म्हणजे वाऱ्यालाच. या कागदांवर तो शब्द इतक्यांदा आलाय की ते घरात ठेवायचीही सोय नाही. आईला चष्म्याशिवाय अजून वाचता येतं, आणि मी लिहिलेलं काहीही ती उचलून वाचते. उद्या ड्युटीवर नेऊन लॉकरमध्ये टाकीन.

आणि एक राहिलं. आज घरी आले तर आईनं चहा केला. ती हल्ली माझ्यासाठी दोन पेल्यांत वरखाली करून निववून देते, मी मागितलं नाही तरी. मी सहज म्हटलं, आमच्या फलटणच्या काकांचं रेडिएशन आज संपलं, काही त्रास झाला नाही. तिनं पेला माझ्यापुढं सरकवला आणि विचारलं, "काय झालंय गं त्यांना?"

मी पेल्याकडं बघितलं. दिवसभर ज्याच्यासाठी तुमच्यावर, मामावर, त्या पोरावर जळत होते तो शब्द अगदी जिभेवर होता.

"अल्सर," मी म्हटलं.

"मग बरे होतील," आई म्हणाली, मोसंबी वाटताना बोलली होती त्याच आवाजात. "ह्यांना बी तोच हुता."